स्थानिक अंमलाची हद्द

लिनक्सच्या संगणकावरील '/यूएसआर/लोकल' ही डिरेक्टरी, कार्यप्रणाली नव्याने बसविली असता, बहुधा रिकामीच आढळते, आणि हे रितेपण म्हणजेच तिला मिळालेली सनद होय; प्रणाली अद्ययावत होत असता येथील एकाही फाइलला धक्का लागू नये, असा दंडक लिनक्सच्या फाइलव्यवस्थेच्या प्रमाणकाने घालून दिला आहे, ज्याची पहिली आवृत्ती १९९४ साली निघाली. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या नियमावलीने तर आपल्या पॅकेजांना येथे फाइल ठेवण्याचीच मनाई केली आहे.

याउलट, '/यूएसआर/बिन'मधील बहुतेक प्रत्येक फाइलची नोंद पॅकेज मॅनेजरच्या दप्तरी असते. कोणी उतावीळपणे पायथॉनची नवी आवृत्ती स्वतः कंपाइल करून तेथेच जुन्या प्रतीच्या जागी बसविली, तर दप्तर एक सांगते आणि डिस्कवर दुसरेच नांदते. मग जुन्या पायथॉनवर विसंबलेली प्रणालीची अवजारे बंद पडतात, किंवा पुढील अद्ययावतीकरण प्रशासकाचे सारे श्रम निमूटपणे पुसून टाकते. कोणत्या फाइलचा धनी कोण, हाच मला या व्यवस्थेतील मूळ प्रश्न वाटतो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीने ही हद्द अधिक कसोशीने आखली: मूळ प्रणालीबाहेरचे सॉफ्टवेअर, मग ते तयार पॅकेजरूपाने का येईना, '/यूएसआर/लोकल'मध्येच जाते आणि त्याच्या कॉन्फिगरेशन फायलीही तेथल्याच 'ईटीसी'त राहतात.

परंतु लिनक्सवर हाताने बसविलेल्या सॉफ्टवेअरची या हद्दीच्या आत व्यवस्था राखणे कठीण, कारण दहा प्रोग्रामांच्या फायली एकाच 'बिन'मध्ये व 'लिब'मध्ये मिसळल्या की त्यांतील एक काढून टाकणे जिकिरीचे होते. 'ग्नू स्टो' यावर सुरेख उपाय करते: प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या स्वतंत्र डिरेक्टरीत ठेवावयाचे आणि 'बिन'मध्ये व 'लिब'मध्ये केवळ त्याचे सिमलिंक उभारावयाचे, म्हणजे ते लिंक काढून ती डिरेक्टरी पुसली की त्याचा मागमूस उरत नाही. हे अवजार याहून अधिक प्रचारात यावयास हवे होते, असे मला मनापासून वाटते.

एक धोका मात्र उरतोच. आज्ञांचा शोध घेताना 'पाथ'मध्ये बहुधा '/यूएसआर/लोकल/बिन'चा क्रम आधी लागतो, म्हणून स्थानिक प्रत प्रणालीच्या प्रतीवर मात करते. आणि कोण्या पूर्वीच्या प्रशासकाने तेथे ओपनएसएसएल बसवून ठेवले असेल, तर सुरक्षेच्या साऱ्या दुरुस्त्या प्रणालीच्या प्रतीला मिळत राहतात, आणि आज्ञा दिली की चालते ती जुनीच प्रत. पॅकेज मॅनेजर याविषयी चकार शब्द काढत नाही, कारण ती फाइल त्याच्या दप्तरीच नाही. तेव्हा परक्या सर्व्हरचा कारभार हाती घेणाऱ्याने प्रथम ही डिरेक्टरी उघडून पाहावी.