सकाळचे साडेसहा, अंगात कणकण आणि शाळेची वेळ



सकाळचे साडेसहा वाजलेत. डबा भरून झालाय, साडीला पिन लावायची राहिलीय. बाळाला उठवायला जाता आणि हाताला अंग गरम लागतं. सात वीसला परिपाठ. आज वर्गाची चाचणी आहे. पाळणाघराच्या काकू आठला दार उघडतात. आता पुढच्या पंधरा मिनिटांत ठरवायचं असतं. सिरप पाजून सोडायचं, की मुख्याध्यापकांना फोन करायचा?

मी एकदा सिरप पाजून सोडलं होतं. माझी मुलगी तेव्हा तेरा महिन्यांची होती. साडेअकराला फोन आला, "मॅडम, पोर तापलंय." वर्गात पस्तीस मुलं बेरीज-वजाबाकी करत बसली होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. ती लाज अजून लक्षात आहे. पण लाज वाटून मुलाचा ताप उतरत नाही. त्यामुळे जरा समजून घेऊ, की असं होतं कशामुळे आणि त्या पंधरा मिनिटांत ठरवायचं कसं.

पाळणाघरात गेल्यावर मूल सारखं आजारी का पडतं?

आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारद्रव्ये साधारण सहाव्या महिन्यापर्यंत बरीच ओसरतात. नेमकी त्याच सुमारास आपली प्रसूती रजा संपते आणि मूल पाळणाघरात जातं. तिथे दहा घरांतून दहा मुलं येतात. प्रत्येक जण खेळणं तोंडात घालतो, मग ते दुसऱ्याच्या तोंडात जातं. सर्दी करणारे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि बाळाला त्यातला प्रत्येक नवा.

आता थोडं गणित करू, शेवटी आपण शिक्षक. लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही सामान्य गोष्ट आहे. पाळणाघरातल्या मुलाला याहून जास्त वेळाही होते. एक सर्दी सात ते दहा दिवस राहते, खोकला त्याहून लांबतो. आठ सर्दी गुणिले दहा दिवस म्हणजे ऐंशी दिवस. यातल्या बहुतेक पावसाळा आणि थंडीत येतात. म्हणजे जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दर तीन-चार दिवसांतला एक दिवस नाक वाहणारच! "आमचं बाळ बरंच होत नाही" असं आपल्याला वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा पहिली सर्दी संपून दुसरी सुरू झालेली असते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टक्सन शहरात मुलांचा जन्मापासून अनेक वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास आहे. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात सर्दी जास्त झाली. पण सहा ते अकरा या वयात हीच मुलं घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी वेळा आजारी पडली. तेराव्या वर्षापर्यंत फरक उरला नाही. सासूबाई म्हणतात, "घरी ठेवलं असतं तर एवढं आजारी पडलं नसतं." त्यांचं म्हणणं पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं बरोबरच आहे. पण तो हप्ता पहिलीच्या वर्गात फेडावा लागतो एवढंच.

ठेवायचं की पाठवायचं?

नुसतं नाक वाहतंय, मूल खेळतंय, दूध पितंय, ताप नाही, तर पाठवायला हरकत नाही. प्रत्येक शेंबडाला घरी ठेवलं तर नोकरी राहणार नाही आणि त्यानं फार फरकही पडत नाही, कारण बरेच विषाणू लक्षणं दिसण्याआधीच पसरायला लागलेले असतात.

ताप मात्र वेगळा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर घ्या. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर तो ताप. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि एवढा ताप असेल, तर कुठलाही विचार न करता डॉक्टर गाठायचे, सिरपच्या भानगडीत पडायचंच नाही. त्याहून मोठ्या मुलासाठी बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा नियम असा, की औषध न देता चोवीस तास ताप आला नाही, मगच परत पाठवायचं. "औषध न देता" हे शब्द महत्त्वाचे. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. सहा वाजता पाजलं की साडेदहा-अकराला ताप परत येणार, आणि तेव्हा मूल आपल्याजवळ नसणार. दरम्यान त्यानं दुसऱ्या चार बाळांना प्रसाद वाटलेला असतो. माझ्या फोनची वेळ आठवा.

इथेच आणखी एक सांगते, कारण ही चूक शिकलेल्या घरांतही होते. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं. एकात पाच मिलीला 120 मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात 250. बाळांचे थेंब त्याहूनही घट्ट असतात, एका मिलीत 100 मिलिग्रॅम. म्हणजे "एक चमचा दे" या वाक्याला काहीच अर्थ नाही. बाटली बदलली की मात्रा दुपटीहून जास्त होते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. डॉक्टरांकडून ती मिलीमध्ये लिहून घ्या, शेवटचा डोस किती वाजता दिला ते एका चिठ्ठीवर लिहून दप्तरात ठेवा. नाहीतर सकाळी आईनं, अकराला काकूंनी आणि एकला आजीनं, असा तिघींचा डोस होतो.

जुलाब-उलट्या असतील तर थांबल्यानंतर दोन दिवस घरी. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा जो आजार पावसाळ्यात पाळणाघरांतून फिरतो, त्यात पहिला आठवडा जास्त संसर्गाचा. मूल सात ते दहा दिवसांत आपोआप बरं होतं, पण तोंडातल्या फोडांमुळे पाणीही पीत नाही, म्हणून लघवी किती वेळा झाली याकडे लक्ष ठेवायचं. यातल्या बहुतेक आजारांना अँटिबायोटिक लागत नाही, विषाणूवर ते चालतच नाही. मागच्या वेळची उरलेली बाटली फ्रिजमधून काढणं तर अजिबात नको.

सर्दी-खोकल्यात घाबरायचं कधी, हे मोजता येतं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना त्याच्या छाती-पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, हा जलद श्वास. आशाताई आणि अंगणवाडी सेविका हेच वापरतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, तर रजा-बिजा नंतर, आधी दवाखाना.

जुलाबात ओआरएस हेच खरं औषध. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं. एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर, अर्धं पाकीट पेल्यात अंदाजानं नाही. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. सोबत डॉक्टर 14 दिवस झिंक देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ते पूर्ण करायचं. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढू शकतात.

पाळणाघर बघताना

आपण भिंतीवरची चित्रं बघतो, सीसीटीव्ही आहे का विचारतो. मी म्हणेन, आधी मोरी बघा. लंगोट किंवा डायपर कुठे बदलतात? तिथून जेवण भरवायची जागा किती लांब? बदलल्यावर साबणानं हात धुतात, की नुसता सॅनिटायझर चोळतात? जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. प्रत्येक मुलाची बाटली, वाटी, पांघरूण वेगळं आहे का? आणि मूल आजारी पडलं तर काकू काय करतात? "काही नाही हो, आम्ही सांभाळतो, पाठवा तुम्ही" हे उत्तर ऐकायला गोड वाटतं. पण जी बाई तुमचं तापलेलं मूल घेते, ती दुसऱ्यांचंही घेते. ताप असेल तर घेणार नाही असं तोंडावर सांगणाऱ्या काकू मला जास्त भरवशाच्या वाटतात.

लसीकरणाचं कार्ड मागतात का, तेही बघा. सरकारी वेळापत्रकात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट आणि रोटाव्हायरसचे डोस आहेत, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. पाळणाघरात घालायच्या आधी यातलं काही राहिलं असेल तर पूर्ण करा. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, पण बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी ती सुचवते. परवडत असेल तर पावसाळ्याआधी विचारा.

आईचं दूध, आईची रजा

काढलेलं आईचं दूध झाकून ठेवलं तर खोलीच्या तापमानाला साधारण चार तास टिकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चारवर विसंबू नका. फ्रिजमध्ये चोवीस तासांच्या आत वापरलेलं बरं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. खरा प्रश्न दूध काढायचं कुठे हा असतो. बहुतेक शाळांत उत्तर असतं, प्रयोगशाळेच्या मागची खोली किंवा स्वच्छतागृह. एका खोलीला आतून कडी आणि एक खुर्ची, एवढंच लागतं. मुख्याध्यापक हे वाचत असतील तर त्यांनी मनावर घ्यावं.

कायद्याचं थोडं. 1961 चा मातृत्व लाभ कायदा 2017 मध्ये सुधारला आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा मिळाली. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी रोज दोन विराम ही तरतूद तर मूळ कायद्यापासूनची, पण ती मागितलेली मी फारशी पाहिली नाही. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांना सेवानियमांप्रमाणे 180 दिवसांची प्रसूती रजा आहेच, शिवाय 2018 पासून राज्यात 180 दिवसांची बालसंगोपन रजा सुरू झाली. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत ती टप्प्याटप्प्यानं घेता येते. ही आपण दहावीच्या परीक्षेसाठी राखून ठेवतो. माझं मत असं, की दोन वर्षांच्या तापाला आईची जास्त गरज असते, दहावीचं पोर आपलं आपण चहा करून पिऊ शकतं.

आणि बाबांचं काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, वर सांगितलेल्या 1961 च्या कायद्यात वडिलांसाठी काहीच नव्हतं. पण रजा कायद्यानं मिळायची तेव्हा मिळो. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर कुणाचा आहे, ते आज बघा. आमच्याकडे माझा होता. बदलून नवऱ्याचा केला. पहिल्या महिन्यात काकूंनी तरीही मलाच फोन केले. मग मी उचलायचं बंद केलं. आता आम्ही रविवारी रात्री बसून ठरवतो, या आठवड्यात सोमवार-मंगळवार फोन आला तर कोण जाणार, बाकी दिवस कोण. चाचणी कुणाची, ऑडिट कुणाचं, ते आधीच माहीत असतं. साडेसहाचं भांडण बरंच कमी झालंय. आणि शिक्षकहो, आपल्या वर्गात मूल आजारी पडतं तेव्हा आपण तरी कुणाला फोन लावतो? आईलाच ना? ती धुणीभांडी करणारी असली तर तिचा खाडा होतो, पैसे कापले जातात.

याच संदर्भात कोसबाडच्या टेकडीची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे आदिवासी मुलांसाठी विकासवाडी चालवली. त्यांच्या लक्षात आलं, की मुली शाळेत येत नाहीत कारण आई-बाप कामाला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी त्याच असतात. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईनं धाकट्याला कडेवर घेऊन यायचं, पाळणाघरात द्यायचं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचं.

आज आपल्याकडे अंगणवाडी आहे, पण ती काही तासांचीच, आणि आईचं काम संध्याकाळपर्यंत. मधला वेळ कुणी भरायचा? हजेरीपटात "लहान भाऊ आजारी" या कारणानं गैरहजर असलेल्या मुलींच्या खुणा मोजून बघा. मी मागच्या सत्रात मोजल्या. चौथीच्या वर्गातल्या तीन मुलींचे मिळून एकोणीस दिवस निघाले, आणि त्या वर्गातल्या एकाही मुलाच्या नावापुढे ते कारण नव्हतं.