दहावी-बारावीत अडखळलेल्या मुलांनी कॉलेजला जावं का? निर्णय घेण्याआधी घरच्यांनी काय पाहावं

मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागतात. मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, नव्वद टक्केवाल्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, सत्कार समारंभाची तारीख ठरते. त्याच गल्लीतल्या काही घरांत मात्र कोणी फारसं बोलत नाही. मुलगा दोन विषयांत नापास झालेला असतो, किंवा मुलगी पास झालेली असते पण टक्के बेचाळीस. अशा घरात बहुतेक वेळा आठवडाभरात निर्णय होऊन जातो. मुलाला मामूच्या गॅरेजवर पाठवायचं आणि मुलीसाठी स्थळं बघायची. "त्याला अभ्यासात डोकंच नाही," या एका वाक्यावर विषय संपतो.

प्रत्येकाने पदवी घेतलीच पाहिजे असं नाही. हाताचं कौशल्य शिकून इज्जतीने कमावणारी माणसं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. पण तो निर्णय निकालाच्या रागात आणि चार लोकांच्या लाजेपोटी झाला, तर पुढची अनेक वर्षं तो त्या मुलाला भोगावा लागतो. म्हणून आधी काय तपासायचं आणि कोणते रस्ते खुले आहेत, ते नीट समजून घेऊ.

हा प्रश्न एका घराचा नाही

२००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद होती की, ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच शाळा सोडून गेली होती. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के आहेत. पण उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात २०२१-२२ साली एकूण सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी मुस्लिम विद्यार्थी होते साधारण २१ लाख, म्हणजे शंभरात पाचसुद्धा नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, कोरोनाच्या काळात, हा आकडा २१ लाखांवरून १९ लाखांच्या आसपास घसरला होता.

घरात पैशाची थोडी ओढाताण झाली की आपल्या समाजात सर्वात आधी शिक्षण सुटतं. नापास होणं हे त्याला एक सोपं निमित्त मिळतं.

आधी कारण शोधा, मग निर्णय घ्या

निकालपत्रावर फक्त 'काय झालं' ते लिहिलेलं असतं. 'का झालं' ते घरच्यांनाच विचारावं लागतं. आपल्या घरांत प्रामुख्याने तीन कारणं दिसतात.

पहिलं, माध्यम बदलणं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावीला सत्तर-ऐंशी टक्के घेतलेली मुलं अकरावी सायन्सला जातात आणि एका रात्रीत फिजिक्स, केमिस्ट्री सगळं इंग्रजीत येतं. वर्ष भाषा समजून घेण्यातच जातं आणि बारावीला मुलगा आपटतो. इथे कमतरता भाषेची आहे. सहा महिने इंग्रजीवर मेहनत घेतली किंवा शाखा बदलली, तर हाच मुलगा पदवी पूर्ण करू शकतो.

दुसरं, घरची परिस्थिती. मुलगा संध्याकाळी दुकानावर बसतो, लूमवर जातो, पहाटे पेपर टाकतो. मुलगी आजारी दादीला सांभाळते, लहान भावंडांचं बघते. अशा मुलांना वेळच मिळालेला नसतो. त्यांना पूर्णवेळ कॉलेजात घातलं तर पुन्हा तेच होईल. त्यांच्यासाठी कमावता कमावता शिकण्याचा मार्ग जास्त योग्य.

तिसरं, चुकीची शाखा. मुलाचं मन मशीनमध्ये किंवा हिशेबात, आणि घरच्यांनी डॉक्टर करायचं म्हणून बायोलॉजी घ्यायला लावलं. इथे रस्ता बदलला की बरंच काही सुधारतं.

तिन्ही मुलांची मार्कशीट सारखीच दिसते, पण तिघांसाठी उत्तर वेगळं आहे.

निकालानंतरचे पहिले दिवस महत्त्वाचे

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. घरात रुसवेफुगवे चालू असतात आणि तारखा निघून जातात.

अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण आले असतील तर बोर्डाकडे गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. नापास विषयांसाठी राज्य मंडळ जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा घेतं. तिचा फॉर्म आपल्याच शाळेतून किंवा ज्युनिअर कॉलेजमधून भरायचा असतो आणि मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. पुरवणीत पास झालं तर वर्ष वाचू शकतं.

दहावीत एक किंवा दोन विषयांत नापास झालेल्यांना एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. राहिलेले विषय पुढच्या संधीत काढावे लागतात. ही सवलत माहीतच नसल्याने कितीतरी मुलं घरी बसतात. म्हणून लाज न बाळगता शाळेच्या ऑफिसमध्ये जाऊन विचारा.

पदवी थांबू शकते, दहावी-बारावी थांबवू नका

पदवीचा निर्णय दोन-चार वर्षांनी घेतला तरी चालतो. पण दहावी आणि बारावीचा दाखला नसेल तर पुढची बरीच दारं बंदच राहतात.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक घरांतली मुलं आखाती देशांत कामाला जातात. साधारणपणे दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. मग सौदी, कुवेत, कतार, ओमान अशा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी वेगळी काढावी लागते. दहावी पास असेल तर ही अडचण येत नाही. म्हणजे ज्याला "बाहेर जायचंय, शिकून काय करायचंय" असं वाटतं, त्यालाही दहावी हवीच.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना बारावी लागते. तलाठी, बँकेतला क्लार्क, एमपीएससीची राज्यसेवा यांना पदवी लागते. मुलाला पुढे काय करायचंय ते विचारा आणि त्या कामाचं दार कोणत्या दाखल्याने उघडतं ते पाहा.

शाळा सुटून काही वर्षं झाली असतील तरी मार्ग आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएसमध्ये वर्षातून दोनदा परीक्षा होतात, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि मान्यताप्राप्त बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे नेता येतात. उर्दू माध्यमही उपलब्ध आहे. मदरशात शिकलेल्या मुलांनाही या मार्गाने दहावी-बारावी करता येते.

हाताचं काम शिकूनही इंजिनिअर होता येतं

आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असा एक समज आहे. प्रत्यक्षात वेल्डर, प्लंबरसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षासाठी दहावीला ३५ टक्केही पुरतात.

या वाटेचा मोठा फायदा असा की, प्रत्येक टप्प्यावर हातात कमाईचं काहीतरी असतं. आयटीआय करून दोन वर्षं नोकरी करा, घर सावरा, मग डिप्लोमाला जा. ज्याला पुस्तकापेक्षा मशीन लवकर कळते, त्याच्यासाठी हा कॉलेजचाच दुसरा दरवाजा आहे.

नोकरी करत पदवी

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून हेच काम करतं. नोकरी, दुकान किंवा घर सांभाळून बीए, बीकॉम करता येतं. उर्दूत शिकायचं असेल तर हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातही दूरशिक्षणाची सोय आहे. पदवीसाठी बारावी किंवा तिच्याशी समकक्ष दाखला आहे ना, हे प्रवेशाआधी पाहून घ्या.

पण इथे स्वतःशी खरं बोलावं लागतं. मुक्त विद्यापीठात रोज हजेरी घेणारं कोणी नसतं. ज्या मुलाला ठरावीक वेळेला उठवून वर्गात बसवल्याशिवाय अभ्यास होत नाही, त्याच्यासाठी जवळचं साधं कॉलेजच बरं. कमी टक्के असले तरी बीए, बीकॉमला अनेक कॉलेजांत जागा मिळते. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण केल्यास सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा आणि तीन वर्षांनी पदवी अशी सोय ठेवली आहे. मध्येच थांबावं लागलं तरी केलेलं शिक्षण पूर्ण वाया जात नाही.

मुलींच्या बाबतीत घाई दुप्पट होते

मुलगा नापास झाला तर "पुन्हा बस" म्हणतात. मुलगी नापास झाली की "आता कशाला" म्हणतात. लांबचं कॉलेज, येण्याजाण्याची काळजी, मुलींच्या हॉस्टेलचा प्रश्न, या पालकांच्या चिंता खोट्या नाहीत. पण त्यावर उपाय शोधता येतो. मोहल्ल्यातल्या चार मुली एकत्र जाऊ शकतात, जवळचं महिला कॉलेज बघता येतं, तेही शक्य नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे. स्थळ बघतानाही शिक्षण चालू ठेवण्याची अट आधीच बोलून घेता येते. उद्या तिच्यावर घर चालवायची वेळ आली, तर बारावी आणि एखादा नर्सिंगचा किंवा अकाउंट्सचा कोर्स हाच तिचा आधार असेल.

पैशाचा हिशेब

२०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे. ही सवलत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. आपल्यातल्या अनेकांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. पण मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत आणि खुल्या गटातल्या गरीब मुस्लिम कुटुंबांना ईडब्ल्यूएस लागू होतं. अडचण कागदांची असते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला ही कामं प्रवेशाच्या आठवड्यात होत नाहीत. ती आधीच करून ठेवा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल पाहा आणि कर्ज लागलंच तर राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनेची चौकशी करा.

मोहल्ल्याच्या पातळीवरही एक गोष्ट करता येईल. जकात बहुतेक जण रमजानमध्ये काढतात, पण परीक्षेचे फॉर्म आणि कॉलेजची फी भरायची असते मे ते ऑगस्टमध्ये. त्या वेळी हात रिकामे असतात. नापास मुलाची पुरवणी फी ही तर अगदी छोटी रक्कम असते. उलेमांना विचारून, गरजू विद्यार्थ्यांसाठी थोडा निधी त्या महिन्यांकरिता वेगळा ठेवला तर अनेकांचं वर्ष वाचेल.

फसवणुकीपासून सावध

नापास मुलांचे आई-वडील हे फसवणाऱ्यांचं आवडतं गिऱ्हाईक. "न बसता बारावी," "एका वर्षात पदवी," अशा जाहिरातींना भुलू नका. असा कागद पुढे नोकरीच्या पडताळणीत टिकत नाही. पैसे भरण्याआधी विद्यापीठाचं नाव युजीसीच्या संकेतस्थळावर तपासा. तिथे बोगस विद्यापीठांची यादीही असते. दूरशिक्षणाचा कोर्स असेल तर त्याला युजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, तेही पाहा.

घरात बोलताना

मनोज कुमार शर्मा बारावीत नापास झाले होते. पुढे ते आयपीएस झाले, महाराष्ट्रातच नोकरी केली आणि २०२३ मध्ये त्यांच्यावरचा '१२वी फेल' हा सिनेमा गाजला. तो मुलांना जरूर दाखवा. पण "तूही असाच हो" म्हणून नवं ओझं टाकू नका. बहुतेक मुलांना आयपीएस व्हायचं नसतं. त्यांना फक्त अजून एक संधी आणि कोणाची तरी सोबत हवी असते.

निकालानंतर आठ दिवस तरी कोणताही मोठा निर्णय जाहीर करू नका. अब्बा-अम्मी दोघांनी मुलासोबत बसून तीन गोष्टी विचारा: कुठे अडलं, पुढे काय करावंसं वाटतं, आणि त्यासाठी आमच्याकडून काय हवं? शेजारीपाजारी, चुलते-मामू यांना त्या बैठकीत बोलवू नका. मूल फारच गप्प झालं असेल, जेवत-झोपत नसेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि गरज पडल्यास समुपदेशकाकडे न्या.

उत्तर कॉलेज असेल तर प्रवेशाची तारीख लिहून ठेवा. उत्तर काम असेल तर बारावीचा फॉर्म कधी भरायचा, त्याची तारीख त्याच कागदावर लिहा. कामावर जाणाऱ्या मुलाच्या घरात ती तारीख लिहिलेली असेल, तर त्याचं शिक्षण सुटलेलं नाही, इन्शाअल्लाह ते पुढे सुरू होईल.