जुना पोटभाडेकरू

ओसाकाला येताना आपण लोणची, पापड, पुस्तकं आणली. त्यांच्याबरोबर एखादा जिवंत जीवही आणला असेल, असं म्हटलं तर हसाल. पण स्ट्राँगिलॉइडिस नावाचा, जेमतेम दोन मिलिमीटरचा जंत खरंच असा प्रवास करतो. ओल्या मातीत अनवाणी हिंडताना त्याची अळी कातडीतून आत शिरते आणि जंत लहान आतड्यात बिऱ्हाड थाटतो.

बहुतेक जंत काही वर्षांत मरतात. याची पिल्लं मात्र आतड्यातूनच पुन्हा शरीरात घुसतात. आम्हा इंजिनिअर मंडळींच्या भाषेत क्लोज्ड लूप! दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांच्या पोटात तो ३०-४० वर्षांनीही सापडला.

एरवी प्रतिकारशक्ती त्याला धाकात ठेवते. गाठ पडते ती किडनीच्या आजारात. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये लघवीवाटे प्रथिनं जातात, त्यावर बहुधा स्टिरॉइड देतात. किडनी बदलल्यावरही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. पहारा उठला की जंत बेसुमार वाढतात. असंख्य अळ्या आतड्याची भिंत भेदून निघतात आणि आतड्यातले बॅक्टेरिया आपल्याबरोबर रक्तात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत नेतात. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारे हेच बॅक्टेरिया तिथे जिवावर उठतात. वेळेवर कळलं नाही तर रोगी दगावतो.

जपानात हा जंत मुख्यतः ओकिनावा आणि कागोशिमाच्या दक्षिणेकडच्या बेटांवर आढळतो. तिथल्या डॉक्टरांना तो चांगला ठाऊक आहे. ओसाकातल्या डॉक्टरांना तो चटकन आठवेलच असं नाही. तेव्हा अशी औषधं सुरू होण्याआधी आपणच सांगावं, की लहानपण गावी गेलं, शेतात अनवाणी वावरलो. जपानी शब्द लक्षात ठेवा: फुन्सेनच्यू. शौचाच्या एका तपासणीत तो पुष्कळदा निसटतो, म्हणून रक्ताची तपासणीही विचारावी. जंतावरची अल्बेंडाझोलची एक गोळी याला पुरत नाही. आणि चालू असलेलं स्टिरॉइड मनाने बंद करू नये, बरं का!

याच्यावरचं औषध आयव्हरमेक्टिन. त्याचं मूळ सापडलं जपानातच. शिझुओकामधल्या कावाना इथल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी ज्या जिवाणूचा शोध लावला, त्यातून ते पुढे तयार झालं. ओमुरांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. मातीतून आलेल्या दुखण्याला मातीतलाच उतारा!

गावाकडून आई-वडील राहायला आले आणि किडनीसाठी दवाखान्यात जायची वेळ आली, तर औषधांच्या यादीबरोबर ही माहितीही डॉक्टरांना द्या. विचारायला पैसे पडत नाहीत.