एकाच नावाची दोन फंक्शनं

मागच्या लेखात आपण मॉड्यूल म्हणजे काय ते पाहिलं. दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड हवा तेव्हा आपल्या प्रोग्रॅममध्ये आणायचा, एवढंच ते तत्त्व. पण दोन मॉड्यूलं आणली आणि दोन्हींत एकाच नावाचं फंक्शन निघालं तर?

शनिवार पेठ पुण्यात आहे, साताऱ्यात आहे, कराडातही आहे. पुण्यातल्या रिक्षावाल्याला नुसतं 'शनिवार पेठ' सांगून भागतं, पत्रावर तेवढं पुरत नाही. देशभरातल्या सारख्या गावनावांमुळे टपालाचे घोटाळे व्हायचे. ते निस्तरायला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. 411030 लिहिलं की पुण्याचीच शनिवार पेठ. कुठल्याही पेठेचं नाव बदलावं लागलं नाही, फक्त ठिकाण जोडलं गेलं. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा तोडगाही हाच आहे.

सी-डॅकच्या पीजी-डॅक या अभ्यासक्रमात जावा शिकणाऱ्यांना हा प्रश्न डेटाबेसच्या धड्यात हमखास भेटतो, फक्त तिथे फंक्शनऐवजी क्लास आणि मॉड्यूलऐवजी पॅकेज असतं. 'डेट' नावाचा क्लास जावा.युटिलमध्ये आहे आणि जावा.एसक्यूएलमध्येही. दोन्ही पॅकेजं स्टार लावून सरसकट आणली आणि नुसतं 'डेट' लिहिलं, की कंपायलर नाव संदिग्ध आहे म्हणून तिथेच अडवतो. मग पूर्ण नाव लिहायचं, नाहीतर हवा तो एकच क्लास नाव घेऊन इंपोर्ट करायचा. 'लिस्ट'ची गोष्ट याहून बोलकी आहे. जावा.एडब्ल्यूटीमध्ये 'लिस्ट' सुरुवातीपासून होती. 1998 मध्ये जावा 1.2 आली आणि जावा.युटिलमध्येही 'लिस्ट' आली. दोन्ही पॅकेजं स्टारने आणून नुसतं 'लिस्ट' लिहिलेले जुने प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, नव्या आवृत्तीवर कंपाइल होईनात. तरीही मला जावाची ही कडक शिस्त आवडते. ती निदान ओरडून सांगते.

पायथन ओरडत नाही. तिथे जे नाव शेवटी येतं ते आधीच्याला पुसून टाकतं, तेही बिनबोभाट. हे करून बघा: 'सम(रेंज(5), -1)'. 0 ते 4 ची बेरीज 10. पायथनचं स्वतःचं 'सम' त्या -1 ला बेरजेची सुरुवातीची किंमत समजतं आणि 9 देतं. आता वर, नंपाय हे आकडेमोडीचं मॉड्यूल सरसकट आणणारी, 'फ्रॉम नंपाय इंपोर्ट स्टार' ही एक ओळ घाला. 'सम'ची तीच ओळ आता 10 देते, कारण नंपायच्या 'सम'ला तो -1 म्हणजे बेरीज कोणत्या अक्षावर करायची त्याचा क्रमांक वाटतो. एरर नाही, इशारा नाही, आकडा मात्र वेगळा. असं उत्तर एखाद्या प्रोजेक्टच्या तक्त्यात जाऊन बसलं तर ते पकडायचं कुणी? म्हणून मी ठामपणे सांगतो: पायथनमध्ये स्टार इंपोर्ट करू नका. 'इंपोर्ट नंपाय ॲज एनपी' लिहा आणि 'एनपी.सम' म्हणा. तीन अक्षरं जास्त टाइप होतील, पण वाचणाऱ्याला कुणाचं 'सम' ते कळेल.

नवशिक्यांना छळणारा आणखी एक प्रकार. यदृच्छ संख्यांचा सराव करायचा म्हणून फाइलला 'रँडम.पीवाय' नाव देतात आणि आत 'इंपोर्ट रँडम' लिहितात. पायथन आधी चालू प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शोधतो, तिथे तुमचीच फाइल सापडते आणि मग 'रँडिंट' मिळत नाही अशी एरर येते. पायथन 3.13 पासून त्या एररमध्येच फाइलचं नाव बदलण्याची सूचना मिळते. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या आवृत्तीवर ती मिळणार नाही.

पुढच्या लेखाआधी एवढं करा: आपले जुने पायथन प्रोग्रॅम उघडा, स्टारवाली प्रत्येक इंपोर्टची ओळ शोधा आणि तिच्याऐवजी नुसतं मॉड्यूल इंपोर्ट करून, फंक्शनांआधी मॉड्यूलचं नाव लावून प्रोग्रॅम पुन्हा चालवा. उत्तर बदललं, तर आधीचं उत्तर कुठल्या फंक्शनने दिलं होतं ते शोधून काढा.