बाटलीतली साखर डोळ्यांना दिसते तेव्हा

ऑगस्ट २००९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक जाहिरात झळकली. बाटलीतून पेल्यात शीतपेय ओतले जात आहे, पण पेल्यात पडताच त्याची पिवळट, गुठळ्यांची चरबी होते आहे. पाहणाऱ्याला किळस यावी, हाच हेतू होता. ही जाहिरात दिली होती शहराच्या आरोग्य खात्याने.

अशा चित्राची गरज का भासावी? कारण पेयातली साखर जिभेला पुरती कळतच नाही. सुमारे ६०० मिलिलिटर कोलामध्ये जवळपास १६ चमचे साखर असते. एवढी साखर घातलेला चहा कोणी तोंडात धरणार नाही. कोलातले आम्ल आणि थंडावा हा गोडवा झाकतात. शिवाय पातळ पदार्थाने पोट भरल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे पुढचे जेवण कमी होत नाही. उष्मांक मात्र शरीरात जमा होतात.

या जाहिरातीवर पहिला आक्षेप आरोग्य खात्यातूनच आला होता. साखरेचे शरीरात थेट असे चरबीत रूपांतर होत नाही, ती प्रक्रिया गुंतागुंतीची आहे, असे तिथल्या पोषणतज्ज्ञांचे म्हणणे होते. तरीही तेव्हाचे आरोग्य आयुक्त थॉमस फार्ली यांनी चित्र कायम ठेवले. पुढच्या काही वर्षांत रोज गोड पेये पिणाऱ्या न्यूयॉर्ककरांचे प्रमाण घटले. अर्थात, त्याचे सगळे श्रेय एका जाहिरातीला देता येणार नाही. आणि आरोग्याचा संदेश ताणून सांगितला, तर लोकांचा विश्वास उडण्याचा धोका असतोच.

चिलीने २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा झाला, आणि मुलांना भुलवणारी कार्टून चित्रे त्यांवरून हटली. त्यानंतर तिथे गोड पेयांची खरेदी जवळपास चतुर्थांशाने घटल्याचे अभ्यासात आढळले. जाहिरातीला कायद्याची जोड मिळाली की परिणाम टिकतो, हा त्याचा धडा.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या खाऊत किती साखर आहे, हे मुलांना फलकावर दिसावे, ही त्यामागची कल्पना. मुलांमध्ये वाढणारा टाइप-२ मधुमेह हे त्याचे कारण. ४ ते १० वर्षांच्या मुलांना रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून मिळतात. मर्यादा ५ टक्क्यांची असावी, असे मंडळाच्या परिपत्रकात म्हटले आहे.

असा फलक घरीही करता येतो. पाकिटामागे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे साखर किती, ते लिहिलेले असते. त्यावरून संपूर्ण पाकिटातली साखर काढावी आणि तिला ४ ने भागावे. उत्तर येते ते चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवावी. मुलांसाठी ती त्याहूनही कमी हवी. मुलांनाच बाटलीशेजारी तेवढे चमचे साखर वाटीत काढायला सांगावे. त्यात अतिशयोक्ती नसते, आणि वाटी पाहिल्यावर फारसे समजावून सांगावेही लागत नाही.