शनैश्चराच्या दारीं

शनीचें नांव निघतांच चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनहि अजून मंडळींचे चेहरे गंभीर होतात. आमच्याच घरीं नुकताच तसा प्रसंग आला. आमच्या धाकट्या नातीस पदार्थविज्ञानाच्या शिक्षणासाठीं परगांवीं जाण्याची संधि मिळाली, आणि त्याच सुमारास कोणीं तरी तिची पत्रिका पाहिली. आमच्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, पोरीला साडेसाती लागली आहे. एवढी सरूं द्या, मग पाठवा.” वहिनींचा शब्द आमच्या कुटुंबांत कोणी सहसा मोडीत नाहीं. नात मात्र आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आजोबा, शनि खरेंच कोणाची वाट अडवितो काय?” तीस वर्षांवर मुलांस संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस या प्रश्नाचें उत्तर देणें प्राप्तच होतें. तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नांवच पाहावें. ‘शनैः चरति’ तो शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. या शब्दांत क्रौर्य कोठेंहि नाहीं, केवळ निरीक्षण आहे. सूर्याभोंवतीं एक प्रदक्षिणा पुरी करण्यास शनीस सुमारें २९॥ वर्षें लागतात. तीं बारा राशींस वांटलीं म्हणजे एका राशीस सुमारें २॥ वर्षें येतात. आणि जन्मराशि, तिच्या मागची व पुढची अशा तीन राशींचीं मिळून ७॥. साडेसातीचा हिशेब तो हाच. दुर्बिणीवांचून नुसत्या डोळ्यांनीं आकाश पाहणाऱ्या जुन्या ज्योतिर्विदांस ही संथ गति ठाऊक होती, ही गोष्ट मोठीच होय. पण गतीच्या गणितास भय कोठून चिकटलें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

१६१० सालीं गॅलिलिओनें शनीकडे दुर्बीण लाविली, तेव्हां त्यास एका मोठ्या गोळ्याच्या दोहों बाजूंस दोन लहान गोळे असल्याचा भास झाला. हॉलंडच्या हायगेन्सनें १६५५ सालीं शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन शोधिला, आणि ते लहान गोळे नसून ग्रहाभोंवतीं कडें आहे हें १६५९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें पॅरिस येथें कासिनीनें आणखी चार चंद्र शोधिले. या दोघांचीं नांवें दिलेलें ‘कासिनी-हायगेन्स’ यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजीं अमेरिकेंतून निघालें. अमेरिका, युरोप व इटली येथील अंतराळसंस्थांचें तें संयुक्त कार्य होतें. एवढें जड यान थेट शनीपर्यंत नेण्याचें बळ अग्निबाणांत नव्हतें. म्हणून शुक्राजवळून दोनदां, पृथ्वीजवळून एकदां व गुरूजवळून एकदां जाऊन त्या त्या ग्रहाच्या आकर्षणाच्या साहाय्यानें त्यानें आपला वेग वाढवून घेतला. १ जुलै २००४ रोजीं तें शनीभोंवतीं फिरूं लागलें. वाटेवर जवळजवळ पावणेसात वर्षें गेलीं.

१४ जानेवारी २००५ रोजीं त्यांतील हायगेन्स हें लहान उपयान हवाई छत्रीच्या आधारें टायटनवर उतरलें. हा चंद्र बुधाहूनहि मोठा. व्यास सुमारें ५,१५० किलोमीटर. तेथील हवा मुख्यतः नायट्रोजनची, आणि थंडी शून्याखालीं सुमारें १८० अंश. त्या थंडींत पाणी दगडासारखें घट्ट होतें, आणि पाऊस पडतो तो मिथेनचा. नदीच्या पात्रांत असावेत तसे वाटोळे गोटे छायाचित्रांत दिसले. ते बर्फाचे होते.

पण खरें आश्चर्य एन्सेलाडस या लहानग्या चंद्रानें दाखविलें. याचा व्यास सुमारें ५०० किलोमीटर; मुंबईहून नागपूर याहून दूर आहे. २००५ सालीं त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळील भेगांतून वाफेचीं व बर्फकणांचीं कारंजीं उसळतांना आढळलीं. यान त्या कारंज्यांतून अनेकदां गेलें. बर्फाच्या कवचाखालीं खाऱ्या पाण्याचा सागर आहे, त्यांत सेंद्रिय द्रव्यें आहेत, असें क्रमानें सिद्ध झालें. तेथें जीव सांपडला असें नव्हे; जीवास लागणारी सामग्री सांपडली.

आतां या कथेचा शेवट ऐकावा. यानाचें इंधन संपत आलें. तें तसेंच सोडून दिलें असतें, तर पुढेंमागें एखादे वेळीं या चंद्रांपैकीं एकावर आदळण्याचा संभव होता. पृथ्वीवरचे कांहीं चिवट सूक्ष्मजंतु यानावर जिवंत राहिले असल्यास ते त्या निर्मळ सागरांत शिरते. मग उद्यां तेथें जीव आढळला, तरी तो तेथला कीं आपणच नेलेला, हें कळावें कसें? दुसऱ्या गोलांस अपाय होईल असें दूषित करूं नये, हें राष्ट्रांनीं १९६७ च्या अंतराळकरारांतच मान्य केलें आहे. म्हणून शास्त्रज्ञांनीं यानाचीच आहुति देण्याचें ठरविलें. शनि व त्याचें कडें यांमधील फटींतून २२ फेऱ्या घालून १५ सप्टेंबर २०१७ रोजीं तें शनीच्या वातावरणांत शिरलें व जळून गेलें. अखेरच्या क्षणापर्यंत तें माहिती धाडीत होतें. त्याचा शेवटचा संदेश पृथ्वीवर पोंचण्यास ८३ मिनिटें लागलीं. म्हणजे तो येथें ऐकूं आला, तेव्हां पाठविणारा कधींच नाहींसा झाला होता.

परक्याच्या घरीं जातांना पाय धुऊन आंत जावें, हें आपल्या घरांतून लहानपणींच शिकवितात. तीच मर्यादा माणसानें शनीच्या दारीं पाळली. ज्यास आपण इतके दिवस भ्यालों, त्याच्या एका चिमुकल्या चंद्रास आपला उपसर्ग पोंचूं नये म्हणून वीस वर्षांचा सोबती त्यानें स्वहस्तें अग्नीस दिला. शनीची पीडा माणसास होते कीं नाहीं, हा वाद राहो. माणसाची पीडा शनीच्या चंद्रांस होऊं शकते, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे.

हें सारें आम्हीं एका रात्रीं जेवणें झाल्यावर वहिनींस सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “त्या लोकांनीं पावणेसात वर्षें वाट चालण्यांत घालविलीं, आणि आम्ही साडेसात वर्षें पोरीला घरीं बसवायचें म्हणतों!” पुढच्या शनिवारीं त्यांनीं नेहमींप्रमाणें मारुतीस तेल घातलें, आम्हीं त्यांस अडविलें नाहीं. आणि सोमवारीं सकाळीं नातीच्या हातावर दहीं घालून तिला निरोपहि त्यांनींच दिला.