भुवयांचा वापसा

भाचीचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. मे महिना, रविवार, दुपारचे बारा.

"मावशी, परवा भुवया करून घेतल्या. मायक्रोब्लेडिंग. आणि मंगळवारी आम्ही गोव्याला निघतोय. आत्ता तो कागद नीट वाचला, तर त्यात लिहिलंय पंधरा दिवस पोहायचं नाही, तोंडावर पाणी घ्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही! कोलव्याला जाऊन काय वाळूत पुतळ्यासारखी बसू? समुद्राचं पाणी तर खारं असतं, जखमेला बरंच की!"

सही करताना कागद वाचायचा नाही, ही आमच्या घराण्याची जुनी रीत. तिला काय बोलणार? पण फोन ठेवल्यावर मला त्या सूचनेतली गंमत जाणवायला लागली. भुवईला पाण्यापासून जपायचं? अहो, भुवईचा जन्मच पाण्यासाठी. कपाळावरून उतरणारा घाम आणि पाऊस डोळ्यांत जाऊ नये म्हणून बांधलेली ही पन्हळ. आरशात जवळून बघा, भुवईचे बहुतेक केस बाहेरच्या बाजूला, कानशिलाकडे झुकलेले असतात. वरून आलेलं पाणी तिथून वळसा घेऊन गालाच्या कडेने निघून जातं. तिचं दुसरं काम चेहऱ्याला ओळख देण्याचं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंतांच्या फोटोंतले कधी डोळे पुसले, कधी भुवया, आणि लोकांना ओळखायला सांगितलं. डोळे पुसलेले चेहरे ओळखण्यापेक्षा भुवया पुसलेले चेहरे ओळखणं लोकांना जड गेलं. तेव्हा भुवयांवर पैसे खर्च करणाऱ्या पोरींना उगाच हसू नये.

आता या भुवया 'करतात' म्हणजे काय? नावात ब्लेड असलं तरी वापरतात ती अतिशय बारीक सुयांची तिरपी रांग, कंगव्याच्या दातांसारखी. तिने केसाएवढी एकेक रेघ ओढायची आणि त्या चिरेत रंग भरायचा. कसब आहे ते खोलीचं. चेहऱ्यावरची वरची त्वचा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे वहीच्या कागदाइतकी जाड. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात, वाटेत मरतात आणि साधारण चार आठवड्यांत पृष्ठभागावरून झडून जातात. रंग या कागदातच राहिला तर तोही झडणार. फार खोल गेला तर पसरणार. तो बसायला हवा कागदाच्या लगेच खाली, खालच्या त्वचेच्या माथ्यावर.

मला त्वचा म्हणजे तीन मजल्यांचं घर वाटतं. मेंदी गच्चीवर राहते. ती फक्त सर्वांत वरच्या मेलेल्या थराला रंगवते, म्हणून पंधरा दिवसांत उतरते. भुवयांचा रंग मधल्या जिन्यात. आणि गोंदण तळघरात. माझ्या आजीच्या कपाळावर एक ठिपका होता आणि हातावर तुळशीवृंदावन. लहानपणी जत्रेत गोंदणारणीने सुया आणि काजळीने काढलेलं. सत्तर वर्षांत त्याच्या कडा फुटल्या होत्या, काळा रंग हिरवट-निळा दिसायला लागला होता (काजळी काळीच राहते, तिच्यावरची त्वचा प्रकाश विखुरते म्हणून ती निळसर भासते), पण वृंदावन जागेवर होतं. "सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं," असं ती म्हणायची.

मरेपर्यंत ते टिकतं कसं, याचं उत्तर मात्र आजीच्या म्हणण्याहून अद्भुत आहे. रंगाचे कण शरीरात घुसले की त्यांना खायला मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशी धावतात. कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग पोटात रंग घेऊन तशाच बसून राहतात. आपण गोंदण म्हणून बघतो त्यातला बराचसा भाग म्हणजे या अजीर्ण झालेल्या पेशींची रांग! पण पेशी तर मरतात. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांच्या शेपटीवर हिरवं गोंदण करून या पेशी मुद्दाम मारल्या. गोंदण हललं नाही. मेलेल्या पेशीतून सांडलेला रंग नव्याने आलेल्या पेशींनी तिथल्या तिथे गिळला होता. मरता मरता एकीने दुसरीला खो दिलेला. आजीच्या हातावर सत्तर वर्षं हा खो-खो चालू होता आणि तिला पत्ता नव्हता.

भाचीच्या कपाळावर हा खेळ रविवारी नुकता सुरू होत होता. खेळाडू अजून मैदानात उतरत होते आणि मैदानाला छप्पर नव्हतं.

छप्पर म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा थर. मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर, आणि त्यांच्यामध्ये विटांमधल्या चुन्यासारखी स्निग्ध द्रव्यं. अंघोळीला बसल्यावर आपण चहातल्या बिस्किटासारखे विरघळत नाही, ते या भिंतीमुळे. मायक्रोब्लेडिंगमध्ये या भिंतीला प्रत्येक भुवईत डझनावारी बारीक भेगा पडतात. त्या बुजवायचं काम शरीर मिनिटभरही लांबवत नाही. रक्तातल्या बिंबिका गोळा होतात, धाग्यांचं जाळं विणलं जातं, काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली फौज येते, पिवळसर लस पाझरते. ती वाळली की खपली. आणि खपलीच्या खालून, भेगेच्या दोन्ही काठांवरच्या पेशी एकमेकींच्या दिशेने अक्षरशः सरपटत निघतात.

'जखमेला वारा लागू दे, सुकू दे' हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. 1962 साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने त्याला धक्का दिला. डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांपैकी काही त्याने उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा घातला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सरपटणाऱ्या पेशींना ओल लागते. जखम कोरडी पडली की त्यांना कडक खपलीखालून भुयार खणत, ओल शोधत जावं लागतं.

म्हणजे जखमेला ओल हवी. मग पाणी का नको?

इथे मला विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा माझे चुलते आठवले. पहिला पाऊस झाला की ते दुसऱ्या दिवशी शेतात जायचे, मूठभर माती उचलायचे, दाबून तिचा लाडू करायचे आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचे. लाडू थापटीसारखा बसला तर घरी परत. भुसभुशीत फुटला तर म्हणायचे, "वापसा आला." रानात पाणी साचलेलं नाही, रान कोरडंही नाही. मातीच्या कणांत ओल आहे आणि हवाही आहे. बी तेव्हाच टाकायचं. चिखलात टाकलेलं बी कुजतं आणि धुळीत टाकलेलं उगवत नाही. नव्या भुवईला नेमका हा वापसा हवा असतो. म्हणून पहिल्या दिवशी लस कापसाने हलकेच टिपायची, म्हणजे जाड खपली धरत नाही. मग तांदळाच्या दाण्याएवढं मलम, दोन्ही भुवयांना मिळून. थापायचं नाही. आणि पोहायला जाणं म्हणजे पेरलेल्या रानात पाट फोडणं. खपली पाणी पिऊन फुगते, मऊ पडते, वेळेआधी सुटते, आणि सुटताना आपल्याला चिकटलेला रंग घेऊन जाते. भुवईत मग टक्कल पडल्यासारखे ठिपके दिसतात.

भाचीचा 'खारं पाणी बरंच की' हा मुद्दा मात्र खोडून काढण्याआधी नीट बघावा असा आहे. जलनेती करणाऱ्यांना विचारा. कोमट पाण्यात योग्य मीठ घातलं तर नाकात काही जाणवत नाही. मीठ विसरलं तर मेंदूपर्यंत झिणझिण्या. आपल्या शरीरातल्या द्रवांचा खारटपणा साधारण 0.9 टक्के मिठाच्या पाण्याएवढा. साधं पाणी त्याहून फिकं, म्हणून ते उघड्या पेशींत शिरून त्यांना फुगवतं. समुद्र मात्र सुमारे साडेतीन टक्के, आपल्यापेक्षा जवळजवळ चौपट खारा. तो उलट पेशींतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे नळाचं पाणी फुगवणार आणि कोलव्याचं आक्रसवणार. दवाखान्यातलं सलाइन तेवढं मधल्या मापाचं.

आणि समुद्र म्हणजे नुसतं मिठाचं पाणी नव्हे, त्यात वस्ती असते. 2017 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 31 वर्षांच्या एका माणसाची हकिगत छापून आली. पायावर गोंदवून घेतल्यावर पाच दिवसांनी तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. कोमट, खाऱ्या पाण्यात राहणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू त्या उघड्या त्वचेतून आत गेला आणि पुढे तो माणूस दगावला. त्याचं यकृत आधीपासून आजारी होतं आणि अशा माणसांना या जिवाणूचा धोका जास्त असतो, तेव्हा कोणी घाबरून जाऊ नये. मी भाचीला ही गोष्ट सांगितली, तेव्हा यकृताचं वाक्य जरा उशिराच सांगितलं, एवढं कबूल करते.

"मग रिसॉर्टचा स्विमिंग पूल? त्यात तर क्लोरीन असतं, जंतू मरतातच!"

क्लोरीन पाण्यात गेलं की त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि जंतू ते मारतं. आता थक्क व्हायची पाळी आपली. हेच आम्ल, अगदी हाच रेणू, आपल्या पांढऱ्या पेशी स्वतः बनवतात! जंतू गिळला की त्याला एका इवल्या पिशवीत कोंडून त्यावर ते सोडतात. भाचीच्या भुवयांत त्या घटकेला लाखो पेशी आपापला सूक्ष्म स्विमिंग पूल चालवत होत्या. फरक एवढाच की त्यांचा डोस पिशवीच्या आत, जंतूपुरता. तलावातला मात्र सरसकट सगळ्यांवर, सरपटणाऱ्या नाजूक पेशींवरही. शिवाय तलावाचा जो 'क्लोरीनचा वास' येतो, तो बराचसा क्लोरीनचा नसतोच. लोकांचा घाम आणि (सांगायला नको, पण) लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनांचा तो वास. जितका उग्र वास, तितकं क्लोरीन आधीच खर्ची पडलेलं.

बरं, शुद्ध पाणी? त्याचीही एक गोष्ट आहे. 2011-12 साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात 19 जणांच्या गोंदणावर लाल पुरळ उठून बसलं, हटेना. कारण निघालं क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम चेलोनी. शाई राखाडी करण्यासाठी बनवणाऱ्याने ती डिस्टिल्ड वॉटरने पातळ केली होती. डिस्टिल्ड म्हणजे क्षार काढलेलं. निर्जंतुक नव्हे. हा जंतू नळाच्या पाण्यातही असतो, आपण रोज त्या पाण्याने तोंड धुतो आणि काही होत नाही, कारण भिंत शाबूत असते. भुवया पुसायच्याच झाल्या तर उकळून गार केलेलं पाणी घ्यायला सांगतात, ते याचसाठी.

राहिला घाम. तो तर आतूनच येणार, आणि कपाळ म्हणजे घामाचं माहेर. मुंबईच्या मे महिन्यात कोणी भुवया का करून घ्याव्यात, हे मला अजून कळलेलं नाही. जिम बंद, वाफारा बंद, इडलीचं भांडं उघडताना तोंड लांब. देवळात तीर्थ घेतल्यावर ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावर फिरवायची सवय असते, तीसुद्धा आवरायची. लाली पसरत गेली, पू दिसला, ताप आला, तर फोन पार्लरला नाही, डॉक्टरला करायचा.

गोव्याला ती गेलीच. मोठ्या टोपीखाली, शहाळं पीत, घोट्यापर्यंतच्या लाटांत उभी असतानाचा फोटो आला. अंघोळ मानेखालून, केस धुताना डोकं मागे झुकवून मैत्रिणीने पाणी घातलं. पाचव्या-सहाव्या दिवशी भुवया खाजायला लागल्या. खपली काढायचा मोह तिने कसाबसा आवरला. बाराव्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी रडवेला.

"मावशी, खपल्या पडल्या आणि रंगच गेला! पाण्यात डोकं बुडवलं नाही गं, तरी पैसे पाण्यात!"

गेला नव्हता. नवी आलेली त्वचा सुरुवातीला दुधाळ काचेसारखी असते, तिच्याआडचं दिसत नाही. महिनाभरात ती विरळ, नितळ होते आणि मागे बसलेले ते अजीर्णाचे खो-खोपटू दिसायला लागतात. ज्या रेघा तेव्हाही दिसत नाहीत त्या सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा भरतात. मी हे सगळं सांगितलं, तिचा विश्वास बसला नाही.

जून उजाडला. एका संध्याकाळी ती छत्रीविना, निथळत दारात उभी. कपाळावरून पाण्याचा ओघळ आला, भुवईपाशी थबकला, टोकापर्यंत सरकत गेला आणि कानशिलावरून खाली उतरला. डोळा कोरडा. भुवया दाट, तपकिरी, एकेक रेघ मोजता येईल अशा. मी टॉवेल पुढे केला, तर बाईसाहेब म्हणाल्या, "थांब, आधी आरसा दे."